अथानासियस : पाच वेळा हद्दपार झालेला बिशप

चौथ्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरात एरियस नावाच्या धर्मगुरूचा मोठा लौकिक होता. उंच, कृश, विरक्त राहणीचा आणि मृदू बोलणारा हा गृहस्थ बाउकालिस येथील चर्चमध्ये प्रवचने देई. शास्त्रवचने त्याच्या जिभेवर असत. खलाशी, पिठाच्या गिरणीत राबणारे मजूर आणि वाटसरू यांच्यासाठी त्याने गाणीही रचली, असे जुने इतिहासकार नोंदवतात. ख्रिस्ताची थोरवी तो मुक्तकंठाने सांगे. पुत्र सर्व सृष्टीत श्रेष्ठ आहे, युगांच्या आधीचा आहे, असे तो म्हणे. मात्र त्या स्तुतीच्या पोटात एक गोष्ट दडलेली होती. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे आणि निर्माण होण्यापूर्वी तो नव्हता, ही ती गोष्ट.

इ. स. ३१८च्या सुमारास हा वाद उघड झाला, तेव्हा अथानासियस विशीतला तरुण होता आणि लवकरच तो बिशप अलेक्झांडर यांचा डीकन झाला. एरियसची विद्वत्ता आणि राहणी यांत खोट काढण्यासारखे फारसे नव्हते. म्हणूनच त्याची शिकवण ओळखणे अवघड होते. अथानासियसने ती वेगळ्या कसोटीवर घासून पाहिली. ख्रिस्ती माणूस पुत्राची प्रार्थना करतो, त्याच्या नावाने बाप्तिस्मा घेतो, त्याच्याकडून तारणाची आशा धरतो. पुत्र निर्मित असेल, तर ही सारी उपासना सृष्ट वस्तूची ठरते. शिवाय जो स्वतःच निर्मित आहे, तो इतर निर्मितांना देवाशी कसा जोडणार? या एका प्रश्नावर तो अखेरपर्यंत ठाम राहिला.

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने आजच्या तुर्कस्तानातील नायसिया येथे बिशपांची परिषद बोलावली. अथानासियस आपल्या बिशपांसोबत तेथे होता. त्याने पुढे लिहून ठेवलेला एक प्रसंग बोलका आहे. पुत्राचे वर्णन करण्यासाठी परिषदेत शास्त्रातील एकेक शब्द सुचवला जाई आणि एरियसच्या बाजूचे बिशप एकमेकांना डोळ्यांनी खुणावत तो मान्य करीत, कारण प्रत्येक शब्दाला त्यांनी आपला अर्थ आधीच लावून ठेवला होता. शेवटी शास्त्रात नसलेला ‘होमोऊसिऑस’, म्हणजे पित्याशी एकतत्त्व, हा ग्रीक शब्द स्वीकारावा लागला. त्याला मात्र पळवाट नव्हती. एरियस आणि त्याचे दोन ठाम समर्थक बिशप हद्दपार झाले.

वाद येथे मिटायला हवा होता. पण सम्राटाचे मन पालटले, एरियसला परत बोलावण्यात आले आणि ३२८ साली बिशप झालेल्या अथानासियसवर आरोपांची सरबत्ती सुरू झाली. आर्सेनियस नावाच्या बिशपाचा त्याने खून केला आणि जादूटोण्यासाठी त्याचा हात तोडला, हा त्यांतला सर्वांत भयंकर आरोप. पुरावा म्हणून एक तोडलेला हातही फिरवला जात होता. अथानासियसच्या माणसांनी दडून बसलेला आर्सेनियस जिवंत शोधून काढला. ३३५च्या टायर येथील परिषदेत त्याला अंगरखा पांघरून उभे केले, अथानासियसने त्याचा एक हात उघडून दाखवला, मग दुसरा, आणि तिसरा कोठून तोडला असे विचारले, अशी ही कथा पुढच्या इतिहासकारांनी रंगवली आहे. निकाल तरीही त्याच्याविरुद्धच गेला. मग अलेक्झांड्रियाचा धान्यपुरवठा रोखण्याची धमकी दिल्याचा नवा आरोप आला आणि सम्राटाने त्याला आजच्या जर्मनीतील ट्रियर येथे धाडले.

अथानासियस सौम्य प्रकृतीचा नव्हता, हेही येथे सांगायला हवे. इजिप्तमधील मेलेशियन गटाशी त्याचे वागणे कठोर होते. त्याच्या समर्थकांनी केलेल्या मारहाणीचे वर्णन १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पपायरस-पत्रात आढळते. शत्रूंनी रचलेल्या सर्वच तक्रारी हवेतून आलेल्या नव्हत्या.

दुसरी हद्दपारी त्याने मुख्यतः रोममध्ये काढली. तिसरी सर्वांत खडतर ठरली. ३५६च्या फेब्रुवारीत एका रात्री थिओनास चर्चमध्ये जागरणाची प्रार्थना सुरू असताना सैन्याने वेढा घातला. बिशप आसनावरून उठला नाही. डीकनला त्याने स्तोत्र वाचण्यास आणि लोकांना ध्रुवपद म्हणण्यास सांगितले. लोक आधी बाहेर पडावेत, हा त्याचा आग्रह होता. अखेर मठवासींनीच त्याला गर्दीतून ओढून नेले. पुढची सहा वर्षे तो वाळवंटातील मठवासींच्या आश्रयाला राहिला आणि तेथूनच लिहीत राहिला.

त्या काळात सम्राट कॉन्स्टंशियसच्या दडपणाखाली बिशपांमागून बिशप सह्या करीत होते. शंभरीच्या घरातील कोर्डोबाचे होसियस, नायसियाच्या परिषदेतील अग्रणी, त्यांनीही ३५७ साली एरियनांच्या मसुद्याला मान्यता दिली. अथानासियसने त्यांच्याविषयी कडवटपणे लिहिले नाही. वार्धक्य आणि छळ यांमुळे ते क्षणभर नमले, असे त्याने मानले.

३६२ साली परतल्यावर त्याने अलेक्झांड्रियात एक छोटी परिषद भरवली. धाकापोटी सह्या केलेल्यांनी नायसियाचा विश्वासांगीकार पुन्हा मान्य करावा, एवढ्यावरच त्यांना सामावून घेतले गेले. त्रैक्याविषयी दोन गट वेगवेगळे शब्द वापरीत आणि परस्परांना पाखंडी ठरवीत. त्याने दोघांनाही आपापल्या शब्दाचा अर्थ विचारला. अर्थ एकच निघाला, तेव्हा शब्दांचा हट्ट सोडण्यात आला. नायसियाच्या एका शब्दासाठी अडून बसलेला हाच तो माणूस होता.

सम्राट ज्युलियन आणि व्हॅलेन्स यांच्या काळात आणखी दोन हद्दपाऱ्या झाल्या. बिशपपदाच्या पंचेचाळीस वर्षांपैकी सुमारे सतरा वर्षे अशी गेली. ३६७च्या ईस्टरपूर्वी त्याने इजिप्तच्या चर्चेसना पत्र लिहिले. प्रेषितांच्या नावावर खपवलेल्या बनावट ग्रंथांनी साधी माणसे फसतात, म्हणून त्यात ग्राह्य पुस्तकांची यादी होती. नव्या करारातील आजची सत्तावीस पुस्तके, नेमकी तेवढीच, ज्यात आढळतात अशी ती सर्वांत जुनी उपलब्ध यादी.

२ मे ३७३ रोजी तो अलेक्झांड्रियातच वारला. त्याच्या जागी निवडलेल्या पीटरला रोमला पळून जावे लागले आणि शासनाने लुसियस हा एरियन बिशप सैन्याच्या बळावर बसवला. नायसियाच्या विश्वासांगीकारावर कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेचे शिक्कामोर्तब व्हायला ३८१ साल उजाडले.