धुळ्याचा तो पावसाळा

15 सप्टेंबरला अभियंता दिन येतो आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार पडतो. आमच्या हरमलातही आता बऱ्याच घरांत कोणी ना कोणी इंजिनियर आहे. पेडणे तालुक्यात तिळारीचे पाणी येते. कालवा कुठे फुटला की त्याची किंमत आम्हाला कळते. म्हणून म्हैसूरचे दिवाणपद, भारतरत्न हे सगळे बाजूला ठेवून आम्ही त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीची एक हकिकत सांगतो.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून पहिले येऊन विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खानदेशात धुळ्याजवळ पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून पाण्याचा नळ नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. मध्येच पावसाने गाठले, पुराची वाळू कामात भरू लागली. पावसाळा संपेपर्यंत थांबावे, असे त्यांनी वर कळवले. कार्यकारी अभियंत्यांना हा हुकूम न पाळण्याचा प्रकार वाटला आणि त्यांनी तसा शेराच मारला. नोकरी नवी. विश्वेश्वरय्यांनी सूचना मागे घेतली व काम पुन्हा सुरू केले. व्हायचे तेच झाले: नदी फुगली आणि त्यांची परतीची वाट बंद झाली. पुढे काम पुरे झाले, साहेबांनी शेराही मागे घेतला.

ही गोष्ट बहुधा त्यांच्या जिद्दीची म्हणून सांगतात. आम्हाला त्यात वेगळेच दिसते. तरुणाचा अंदाज बरोबर होता आणि तो त्याने वेळेवर सांगितलाही होता. तरी एका शेऱ्याच्या धाकाने तो नमला, आणि त्या पाण्यात मजूरही होतेच. एवढा मोठा माणूसही एकदा नमला होता, हे मुलांना सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

पुढे पुण्याजवळ खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता पाणी जास्त साठे. पातळी ठरल्यापेक्षा वर गेली की दरवाजे आपोआप उघडत, पाणी उतरले की मिटत. कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नसे.

त्याच खडकवासल्याच्या वरच्या अंगाला पानशेतचे मातीचे धरण झाले. काम अपुरे असतानाच 1961च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवले गेले. 12 जुलैला ते फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. एप्रिल 1962मध्ये बंगळुरूत त्यांचे निधन झाले.