तंजावरच्या राजाचा हस्तिदंती सांगाडा

मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, हे इंदापूर-बारामतीच्या वाचकांना सांगावं लागत नाही. इथलं सुपेही भोसल्यांच्या जहागिरीतलं. मालोजींना मूल होत नव्हतं, तेव्हा अहमदनगरच्या पीर शाह शरीफ यांच्या दर्ग्यात नवस झाला आणि पुढे झालेल्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली गेली, ही परंपराही आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ‘शरीफ’ हे नाव पुढे कुठवर गेलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी दक्षिणेत तंजावरची गादी स्थापली. त्या गादीवर ‘सरफोजी’ नावाचे दोन राजे होऊन गेले. शरीफजी, शरफोजी, सरफोजी. जिभेवर घासून शब्द थोडा बदलला, इतकंच.

यातले दुसरे सरफोजीराजे १७७७ साली जन्मले. तंजावरचे तुळजाराजे निपुत्रिक होते. १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, त्यांनी या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. पण गादी बळकावली तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी, आणि मुलगा जवळजवळ कैदेतच राहिला. त्याच्या बाजूने उभा राहिला तो श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री. तमिळ, मराठी, फारसी आणि हिंदुस्थानी या भाषा जाणणारा हा माणूस एकदा हैदर अलीच्या दरबारीही बोलणी करायला जाऊन आला होता. १७९३ मध्ये मुलाला सुरक्षिततेसाठी मद्रासला हलवलं गेलं. तिथे त्याचं इंग्रजी आणि शास्त्रांचं शिक्षण झालं. पाद्र्याच्या हाताखाली वाढूनही सरफोजी जन्मभर आपल्याच धर्मात राहिले आणि गुरूच्या मृत्यूनंतर त्यांनी इंग्लंडहून त्याचं संगमरवरी स्मारक करवून आणलं. दोन्ही गोष्टी एका माणसात सुखाने नांदल्या.

जून १७९८ मध्ये ते गादीवर आले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, कंपनीने तह करून राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला. राजांच्या हाती तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढंच उरलं. वय बावीस. सैन्य नाही, न्यायनिवाडा नाही, मोहिमा नाहीत. अशा स्थितीत दिवस कसे काढायचे, याची उत्तरं त्या काळच्या अनेक संस्थानिकांनी शोधली आणि ती सगळीच अभिमानाने सांगण्यासारखी नाहीत.

सरफोजीराजांनी पुस्तकं आणि उपकरणं जमवली.

मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. त्यांच्या सोबतच्या मंडळींपैकी एकाने राजांच्या ग्रंथालयात काय पाहिलं ते लिहून ठेवलं आहे. पुस्तकांच्या कपाटांमध्ये हवा काढून घेणारा पंप होता, वीज निर्माण करणारं यंत्र होतं, खगोलशास्त्राची उपकरणं होती आणि एक हस्तिदंती मानवी सांगाडा होता. वैद्यकाच्या ग्रंथांची संख्या मोठी, कारण वैद्यक हा काही वर्षं राजांचा सर्वांत आवडता विषय होता.

आज जगभरचे संग्राहक अशा वस्तूंसाठी लिलावात चढाओढ करतात, पण त्या वेळी त्या ताज्या होत्या. हवेच्या पंपाने काचेच्या हंडीतली हवा काढली की आतली मेणबत्ती विझते. ज्योत जळायला हवा लागते, हे पुस्तकात वाचण्याऐवजी डोळ्यांनी दिसतं. विजेच्या यंत्रात काच फिरवून घासली की ठिणगी उडते. लुळ्या पडलेल्या अवयवाला असे झटके देऊन पाहण्याचे प्रयोग तेव्हा युरोपातले डॉक्टर करत होते. सांगाडा हस्तिदंताचाच का, हे ओळखणंही अवघड नाही. मेलेल्या माणसाचं हाड राजवाड्याच्या सोवळ्यात बसणारं नव्हतं. पण हाडं समजल्याशिवाय वैद्यक समजत नाही, म्हणून ही वाट निघाली. सोवळं मोडलं नाही आणि अभ्यासही अडला नाही.

हा संग्रह नुसता पाहुण्यांना दाखवण्यासाठी नव्हता, हे धन्वंतरी महालावरून कळतं. राजांनी उभारलेल्या या आरोग्यशाळेत माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधं तयार होत. आयुर्वेदाचे वैद्य, सिद्ध पद्धतीचे वैद्य, युनानी हकीम आणि इंग्रजी पद्धतीचे डॉक्टर अशा सगळ्यांना तिथे जागा होती. कुणाचं औषध कुणाच्या धर्माचं, यापेक्षा ते लागू पडतं का, हे पाहिलं जाई. अनुभवाला उतरलेले उपचार पुढे तमिळ कवींकडून पद्यात बांधून घेतले गेले, म्हणजे गावोगावच्या वैद्यांना ते पाठ करता यावेत.

राजे स्वतः मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करत, अशी कथा तंजावरात सांगतात. कथेपेक्षा मोलाचे आहेत ते तिथले कागद. डोळ्यांच्या रुग्णांच्या इंग्रजीतल्या नोंदी आजही जपलेल्या आहेत: तक्रार काय, उपचार कोणता, गुण किती आला. काही नोंदींसोबत त्या रुग्णाच्या डोळ्याचं रंगीत चित्र आहे. बारामती एमआयडीसीतल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलांना केसपेपर ही रोजची गोष्ट. दोनशे वर्षांपूर्वी, कॅमेरा नसताना, आजारी डोळा चितारून कागदाला जोडायचा, ही शिस्त त्यांना नक्की ओळखू येईल.

राजांच्या अन्नछत्रांचंही असंच. कारभार कंपनीकडे जाताच ही छत्रं बंद पडतील, या भीतीने १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंटला सविस्तर पत्र पाठवलं. छत्रात ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपर्यंत प्रत्येक वाटसरूला, जोगी, जंगम आणि फकिरांना भात मिळतो, आजाऱ्याला औषध मिळतं, पोरक्या मुलांना शिक्षण मिळतं, हे त्यांनी त्यात तपशिलाने मांडलं. फकिरांसाठी आतिथ्य ही या घराण्याची जुनी रीत. नागोरच्या हजरत शाहुल हमीद यांच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्याच प्रतापसिंहराजांनी बांधून दिला होता.

त्यांचं सगळंच पटावं असं नाही. नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयासाठी त्यांनी समुद्रकाठी मनोरा बांधला, आणि ज्यांनी राज्य काढून घेतलं त्यांच्याच विजयाचा हा आनंद वाचताना खटकतो. पण त्यांनीच वाड्यात देवनागरी छापखाना घातला, इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या आणि भोसल्यांचा इतिहास १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर मराठीत कोरून घेतला. १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले, तेव्हाही वाटेत हस्तलिखितं गोळा करणं चालू होतं.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे गेले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये मुलगा नसताना वारले आणि कंपनीने उरलेली गादीही खालसा केली. वाड्यातल्या खासगी मालमत्तेवरही जप्ती आली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, हे राज्यसत्तेचं कृत्य आहे, कोर्टाला यात हात घालता येत नाही, असा निकाल दिला. ग्रंथालय मात्र जागेवर राहिलं आणि १९१८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. सरस्वती महाल या नावाने ते तंजावरच्या वाड्यात आजही चालू आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्या, मराठी-मोडी कागद आणि राजांनी मागवलेली युरोपीय पुस्तकं तिथे आहेत, आणि त्यांच्याबरोबरच आजारी डोळ्यांची ती चित्रंही.