सर्पगंधाचे डॉक्टर

सोलापुरात मोठे डॉक्टर म्हटलं की आपल्याला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. त्यांचा जन्म १९१० चा. पुढच्याच वर्षी मुंबईत एका पारशी घरात जन्मलेले डॉ. रुस्तुम जाल वकील मात्र आमच्या होस्टेलवर कुणालाच ठाऊक नव्हते. मी विचारून पाहिलं! म्हणून हा लेख.

वकील लंडनला शिकून परतले आणि मुंबईच्या के.ई.एम. हॉस्पिटलमध्ये हृदयरोग्यांवर उपचार करू लागले. तेव्हा वाढलेल्या बी.पी.वर खात्रीची गोळी नव्हती. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, एवढंच सांगत. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचं वरचं बी.पी. ३०० च्या पुढे होतं. देशातले उत्तम डॉक्टर हाताशी असूनही!

आपल्याकडे सर्पगंधाची मुळी वेडावर आणि झोप येण्यासाठी पूर्वापार देत. तिने बी.पी. उतरतं, हे सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं, पण जगाने लक्ष दिलं नाही. वकिलांनी ५० रुग्णांना ती देऊन आधीचं आणि नंतरचं बी.पी. नोंदवलं आणि १९४९ साली ते आकडे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. मग मात्र जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळालं.

पण बी.पी. उतरलं म्हणून माणूस वाचतो का? याचं उत्तर १९६७ साली अमेरिकेत मिळालं. खूप बी.पी. असलेल्या १४३ पुरुषांपैकी ७० जणांना नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. त्यातल्या २७ जणांना गंभीर त्रास झाला, चौघे दगावले. रेसर्पिनसह खरी औषधं घेणाऱ्या ७३ जणांत गंभीर त्रास झाला फक्त दोघांना!

आमच्या आजोबांना अटॅक येऊन गेलाय. बरं वाटू लागल्यावर त्यांनी आपल्या मनानेच गोळ्या सोडल्या होत्या. मी त्यांना हा २ आणि २७ चा हिशोब सांगितला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून डॉक्टरांकडे गेले.

वकील १९७४ साली गेले. रेसर्पिनमुळे काहींना उदासी येते, म्हणून तेही आता मागे पडलं. त्याहून चांगली औषधं आली. पण बी.पी. वाढलेलं बहुतेक वेळा जाणवत नाही, ते मोजावंच लागतं. तेव्हा मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात की आई-बाबांचं बी.पी. एकदा मोजून घ्याच.