चाफ्याच्या नावामागचा कातारी

देवळाच्या आवारात, जुन्या वाड्याच्या अंगणात किंवा एखाद्या सोसायटीच्या कुंपणाशी उभा असलेला पांढरा चाफा आपल्या इतक्या परिचयाचा आहे, की तो मूळचा इथला नाही हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कोणी त्याला खुरचाफा म्हणतो, कोणी देवचाफा. त्याचे मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे. वनस्पतिशास्त्रात त्याला 'प्लुमेरिया' असे नाव आहे आणि हे नाव एका माणसाचे आहे. तो माणूस म्हणजे फ्रेंच धर्मबंधू शार्ल प्लुमिए.

वनस्पतींचे अभ्यासक प्लुमिए यांना आदराने ओळखतात. पण त्यांचे नाव तितक्याच आपुलकीने घेणारा आणखी एक वर्ग जगभर विखुरलेला आहे. दिवसभराची नोकरी आटोपल्यावर घराच्या कोपऱ्यात छोटे यंत्र मांडून लाकूड कातणाऱ्या हौशी मंडळींचा हा वर्ग. कारण कातकामाला सर्वस्वी वाहिलेला पहिला सविस्तर ग्रंथ प्लुमिए यांनी लिहिला.

कातकाम हा शब्द आता कानावर फारसा पडत नसला, तरी त्याचे नमुने घरोघरी आहेत. पोळीचे लाटणे, ताकाची रवी, मुलांचा भोवरा, पाळण्याचे खूर, देव्हाऱ्याचे गोल खांब. सुतार लाकूड स्थिर ठेवून हत्यार फिरवतो. कातारी लाकूड गरगर फिरवतो आणि हत्यार स्थिर धरून त्याला आकार देतो. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी खेळण्यांमागेही हीच कला आहे.

मठातील कारागीर

प्लुमिए यांचा जन्म 20 एप्रिल 1646 रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेय शहरात झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी ते 'मिनिम' या धर्मसंप्रदायात दाखल झाले. हा संप्रदाय कडक आचारासाठी प्रसिद्ध होता. मांस, अंडी आणि दूधदुभते आयुष्यभर वर्ज्य. मात्र विद्येचे वावडे तेथे नव्हते. युरोपभरच्या विद्वानांना पत्रे लिहून एकाचे संशोधन दुसऱ्यापर्यंत पोहोचवणारे मारँ मेर्सेन हे गणिती याच संप्रदायाचे. प्लुमिए दोन वर्षांचे असतानाच, 1648 मध्ये, मेर्सेन निवर्तले. पण ज्ञान वाटून घेण्याची ती परंपरा मठांतून टिकून राहिली.

तुलूज येथे प्लुमिए यांना एमान्युएल मेन्यां हे गुरू लाभले. मेन्यां गणितज्ञ होते आणि आपली उपकरणे स्वतःच्या हाताने घडवणारेही होते. त्यांच्या सहवासात प्लुमिए गणित शिकले, तसेच भिंगे घासणे आणि कातयंत्र चालवणे शिकले. पुढे रोममधील त्रिनिता देई मोंती या फ्रेंच मठात असताना त्यांना वनस्पतींची गोडी लागली. फ्रान्सला परतल्यावर जोझेफ पितों द तूर्नफॉर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञासोबत त्यांनी दक्षिणेतील डोंगर आणि किनारे पालथे घातले. हात चित्रकाराचा, नजर गणितज्ञाची आणि सवय कारागिराची, असा हा संयोग होता.

तीन समुद्रप्रवास

1689 मध्ये फ्रेंच सरकारने जोसेफ सुरियां यांच्यासमवेत त्यांना कॅरिबियन बेटांवर पाठवले. सुमारे दीड वर्षाची ही मोहीम यशस्वी झाली आणि प्लुमिए राजाचे वनस्पतिशास्त्रज्ञ बनले. चौदाव्या लुईच्या आज्ञेने 1693 आणि 1695 मध्ये ते पुन्हा त्या बेटांकडे गेले. त्यांनी शंभराहून अधिक नव्या प्रजातींची वर्णने प्रसिद्ध केली आणि अनेकांना समकालीन किंवा पूर्वसूरी व्यक्तींची नावे दिली. बागेतला बिगोनिया हे मिशेल बेगों या अधिकाऱ्याचे नाव, फ्यूशिया हे जर्मन वैद्य फुक्स यांचे, तर मॅग्नोलिया हे प्येर मान्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाचे.

यात एक गमतीचा योग आहे. आपला सोनचाफा आज शास्त्रीय वर्गीकरणात मॅग्नोलियाच्याच कुळीत गणला जातो. म्हणजे पांढऱ्या चाफ्याला प्लुमिए यांचे नाव मिळाले आणि सोनचाफ्याला प्लुमिए यांनी योजलेले. दोन्ही झाडे परस्परांपासून दूरच्या कुळांतली. मराठीने त्यांना एका नावात बांधले आणि शास्त्राने एका माणसाशी.

गुपितांचा ग्रंथ

तिसऱ्या प्रवासानंतर, 1701 मध्ये, ल्यों शहरात प्लुमिए यांचा कातकामावरील ग्रंथ प्रकाशित झाला. राजाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लाकूड कातण्यावर ग्रंथ लिहावा, याचे आज नवल वाटेल. पण त्या ग्रंथाचे खरे धाडस वेगळेच होते.

त्या काळी युरोपात प्रत्येक कारागिरीचे संघ असत. मुलाने उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे उमेदवारी करावी, तेव्हा कुठे त्याला धंद्यातले बारकावे कळत. हत्याराला पाणी कसे द्यावे, कोणते लाकूड कशासाठी निवडावे, गोल फिरणाऱ्या यंत्रावर लंबगोल आकार कसा काढावा, ही माहिती म्हणजे घराची पुंजी असे. कारागिरांना यासाठी दोष देता येत नाही. गुपित फुटले, तर पोटावर पाय येई. पण याची दुसरी बाजूही होती. उस्ताद वारसाविना गेला, की त्याच्याबरोबर विद्याही जाई.

लंडनमध्ये जोसेफ मॉक्सन यांनी प्लुमिए यांच्या आधी विविध कारागिरींवर लिहिताना कातकामालाही जागा दिली होती. प्लुमिए यांनी मात्र संपूर्ण ग्रंथच या कलेला वाहिला. यंत्राची रचना, हत्यारांचे आकार, लाकूड, हस्तिदंत आणि धातू कातण्याच्या रीती, निर्दोष गोल, पिळाचे खांब, तपकिरीच्या डब्या, नक्षी उमटवणारी अवघड यंत्रे, सारे काही त्यात क्रमवार आले. कलेतील अत्यंत गुप्त रीतीही येथे सांगितल्या आहेत, अशी ग्वाही ग्रंथाच्या लांबलचक शीर्षकातच दिलेली होती. जवळजवळ ऐंशी चित्रफलक जोडलेले होते. मजकूर फ्रेंच आणि लॅटिन अशा दोन भाषांत शेजारी शेजारी छापला होता. हेतू हा, की फ्रेंच न जाणणाऱ्या परदेशी वाचकालाही तो उपयोगी पडावा.

या मार्गदर्शनाचे मोल कळण्यासाठी त्या काळचे साधे यंत्र डोळ्यांसमोर आणायला हवे. लाकडाच्या तुकड्याभोवती दोरीचा वेढा. दोरीचे वरचे टोक छताजवळच्या लवचिक काठीला बांधलेले, खालचे पायाखालच्या फळीला. फळी दाबली, की लाकूड कातणाऱ्याच्या दिशेने फिरे; पाय उचलला, की काठी दोरी वर ओढी आणि लाकूड उलटे फिरे. पाय खाली जात असतानाच पटाशी टेकवायची आणि वर येताना ती अलगद मागे घ्यायची. हाता-पायाचा हा मेळ चुकला, की काम बिघडले. जवळ उस्ताद नसलेल्या नवशिक्याला चित्रांसह समजावणारे पुस्तक म्हणजे शेजारी उभा राहिलेला मित्रच.

प्लुमिए यांना हे का जमले, याचे उत्तर त्यांच्या जीवनक्रमात आहे. कातकाम हे त्यांचे उपजीविकेचे साधन नव्हते. मठाने त्यांच्या अन्नवस्त्राची सोय केली होती आणि राजाने प्रवासाची. गुपित उघड केल्याने त्यांचे गिऱ्हाईक तुटणार नव्हते. हौसेने काम करणाऱ्याला जे स्वातंत्र्य असते, ते त्यांनी इतरांसाठी वापरले. मर्यादा होती ती किमतीची. असा मोठा, चित्रांनी भरलेला ग्रंथ गरीब कारागिराच्या आवाक्यातला नव्हता. तो प्रथम पोहोचला तो सधन हौशी मंडळींकडे.

त्यातला सर्वांत नामांकित हौशी म्हणजे रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट. राज्यकारभारातून सवड काढून तो स्वतः कातयंत्रावर बसे आणि हस्तिदंताच्या वस्तू घडवी. त्याने प्लुमिए यांचा ग्रंथ रशियन भाषेत उतरवून घेतला. 1749 मध्ये पॅरिसला मूळ ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बर्जेरों या टोपणनावाने आणि एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये होल्टझाफेल पितापुत्रांनी कातकामावर विस्तृत ग्रंथ सिद्ध केले. 1975 मध्ये प्लुमिए यांचा ग्रंथ इंग्रजीतही आला.

अपुरा राहिलेला प्रवास

1704 मध्ये प्लुमिए चौथ्या सफरीला निघाले. हिवतापावर गुणकारी ठरलेल्या सिंकोना वृक्षाचा पेरूमध्ये जाऊन अभ्यास करण्याचा त्यांचा मानस होता. वय अठ्ठावन्न. परंतु स्पेनमधील कादिझजवळच्या पुएर्तो दे सांता मारिया या बंदरात त्यांना फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने गाठले आणि 20 नोव्हेंबर 1704 रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. अमेरिकेतील नेच्यांवरचा त्यांचा ग्रंथ दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाला.

मागे उरली हस्तलिखितांची एकतीस बाडे आणि सुमारे सहा हजार चित्रे. त्यांतील बहुतेक त्यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. काही चित्रांच्या नकला हॉलंडमध्ये गेल्या आणि योहानेस बुर्मन यांनी 1755 पासून त्या प्रकाशित केल्या. तोवर प्लुमिए यांच्या मृत्यूला अर्धशतक लोटले होते. कातकामाची गुपिते मात्र त्यांनी जिवंतपणीच लोकांच्या हाती दिली होती.

आज हौशी कातकाम करणारे एकमेकांना पटाशी कोणत्या कोनात धरावी, धार कधी लावावी, ओल्या लाकडाचा वाडगा वाळताना का तडकतो, हे विनासंकोच सांगतात. पहिला वाडगा वेडावाकडा झाला, तरी दुसरा करायला घ्या, असा धीरही देतात. मठातल्या एका कारागिराने तीनशे वर्षांपूर्वी छापून ठेवलेल्या पानांचे ऋण त्यांच्यावर आहे. आणि पांढऱ्या चाफ्याचे फूल ओंजळीत घेताना त्या माणसाची आठवण काढायला आपलेही काही अडत नाही.