मुक्तांगणच्या मॅडम

गेल्या वर्षी माझ्या काकांनी एका दिवसात दारू बंद केली. घरात सगळे खूश! तिसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरायला लागले, भिंतीपाशी नसलेली माणसं दिसायला लागली. डॉक्टरांनी शांत करणारं औषध दिलं आणि सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी बी-वनचं इंजेक्शन. मला प्रश्न पडला, व्हिटॅमिनची एवढी घाई कशाला?

नंतर कळलं. दारूमुळे आतड्यातून बी-वन नीट शोषलं जात नाही, लिव्हरमधला साठा घटतो, जेवणही सुटलेलं असतं. अशात नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं बी-वनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ऑइल नसलेल्या इंजिनला रेस देण्यासारखंच!

हे सगळं वाचताना डॉ. अनिता अवचट यांची ओळख झाली. मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे हे नाव आधी ऐकलंच नव्हतं.

त्यांचं दुसरं नाव सुनंदा. पुण्यात डॉक्टर झाल्या आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम केलं. घराची आर्थिक बाजू त्यांनी सांभाळली, म्हणून पती अनिल अवचट पूर्णवेळ लिहू शकले. अनिलजींनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्याची सूत्रं मॅडमच्या हाती होती.

मॅडमनी व्यसनी माणसाला गुन्हेगार नाही, आजारी मानलं. आधी शरीरावर उपचार, मग मनावर. बरे झालेले पेशंटच पुढे तिथे कार्यकर्ते झाले. पेशंटच्या बायकांचंही दुःख असतं, हे ओळखून त्यांचेही गट सुरू झाले. स्वतःला कॅन्सर झाला तरी मॅडमनी काम सोडलं नाही. 1997 साली त्या गेल्या. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे काम पुढे नेत आहेत.

काका आता बरे आहेत. पण मित्रांनो, आपल्या ऐरोलीच्या हॉस्टेलवर सांगून ठेवतो. घरातलं कोणी रोज पिणारं माणूस दारू सोडतो म्हणालं, तर नुसती शपथ घ्यायला लावू नका. आधी डॉक्टरकडे न्या. आमच्या घरी हे तिसऱ्या रात्री कळलं. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळावं, म्हणून हा लेख.