सावित्रीबाई फुले : भीती वाटली तरी थांबल्या नाहीत

वाचण्याआधी विचार करा
शाळेत जाताना उ-बानमध्ये तुम्हाला कुणी मुद्दाम त्रास दिला, तर तुम्ही काय कराल? आणि दुसऱ्या कुणाला त्रास होताना दिसला, तर?

१. शिकणं आणि शिकवणं
सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात झाला. १८४० साली त्यांचं लग्न जोतीराव फुले यांच्याशी झालं. तेव्हा त्या फक्त नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. त्या काळी इतक्या लहानपणीच लग्नं होत. मुलींना मात्र कुणी शाळेत पाठवत नसे. सावित्रीबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, जोतीरावांकडून.

१८४८ साली जोतीरावांनी पुण्याच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. तुमच्या ओळखीची सतरा वर्षांची एखादी ताई डोळ्यांसमोर आणा. सावित्रीबाई तेव्हा तेवढ्याच होत्या!

२. रस्त्यावर
बाईनं शिकवणं आणि सगळ्या जातींच्या मुलांना शिकवणं हे पुण्यातल्या बऱ्याच लोकांना आवडलं नाही. सावित्रीबाई शाळेत निघाल्या की लोक त्यांना शिव्या देत. अंगावर शेण, चिखल आणि दगड फेकत. सासऱ्यांवरही लोकांचा दबाव आला. शेवटी १८४९ साली सावित्रीबाई आणि जोतीराव यांना घर सोडावं लागलं.

मग सावित्रीबाईंनी काय केलं? त्या सोबत एक जादा लुगडं ठेवू लागल्या. रस्त्यात लुगडं खराब झालं, की शाळेत जाऊन बदलायचं आणि वर्ग सुरू करायचा. म्हणजे त्रास होणार हे धरूनच त्या तयारीनं निघत. एकदा एका माणसानं त्यांची वाट अडवली. तेव्हा त्यांनी त्याला एक थोबाडीत दिली, अशी आठवण सांगतात.

३. रात्री घरात
धोका घरापर्यंतही आला. १८५६ च्या सुमारास एका रात्री दोन माणसं शस्त्रं घेऊन त्यांच्या घरात शिरली. जोतीरावांना मारण्यासाठी कुणीतरी त्यांना पैसे कबूल केले होते. आवाजानं जोतीराव आणि सावित्रीबाई जागे झाले.

जोतीराव लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा शिकले होते. पण त्या रात्री ते शांतपणे बोलले. माझ्या मरणानं तुमचं भलं होणार असेल तर मारा, असं ते म्हणाले. ते ऐकून त्या दोघांनी शस्त्रं खाली ठेवली. पुढे त्यांतले एक, रोडे, जोतीरावांचे अंगरक्षक झाले. दुसरे, धोंडीराम नामदेव कुंभार, शिकून त्यांच्या कामात सामील झाले.

असा प्रसंग तुमच्यावर आला, तर मात्र बोलत थांबू नका. आधी सुरक्षित जागी जा आणि लगेच मदत मागा.

४. गाव विरुद्ध दोघं
१८६८ साली सावित्रीबाई नायगावला माहेरी होत्या. गावात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलं होतं. सारजाला दिवस गेले होते. गावकरी इतके चिडले, की ते दोघांना मारत मारत गावातून नेऊ लागले. त्यांना ठार मारायचं, असंच ठरलं होतं.

सावित्रीबाईंना हे कळलं आणि त्या धावत गेल्या. एकट्या बाईनं चिडलेल्या जमावाला कसं थांबवायचं? त्यांनी लोकांना कायद्याची आठवण करून दिली : खून केलात, तर इंग्रज सरकार कडक शिक्षा करील. लोक घाबरले आणि मागे हटले. त्या दोघांना गाव सोडावं लागलं, पण त्यांचा जीव वाचला. सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवलं. हे सगळं त्यांनी २९ ऑगस्ट १८६८ च्या पत्रात लिहिलं आहे.

५. आसरा देणारं घर
त्या काळी नवरा वारलेल्या बाईला दिवस गेले, तर समाज तिला जगू देत नसे. काही बायका जीव देत, काहींवर बाळाला मारायची वेळ येई. म्हणून १८६३ साली फुले पती-पत्नींनी आपल्या घरातच अशा बायकांसाठी जागा केली. तिथे त्या गुपचूप येऊन बाळंत होऊ शकत. अशाच एका बाईचं बाळ सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी १८७४ साली दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत.

अडचणीतल्या बायकांना आसरा देणारं ‘फ्राउएनहाउस’ तुम्ही ऐकलं असेल. जर्मनीतलं पहिलं फ्राउएनहाउस पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालं १९७६ साली. आता दोन्ही सालांची वजाबाकी करून बघा.

६. शेवटचं काम
यशवंत मोठा होऊन डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा त्यानं गावाबाहेर दवाखाना उघडला. सावित्रीबाई तिथे रोग्यांची सेवा करत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

७. आज तुमच्यासाठी
जर्मन शाळेत तुम्ही ‘त्सिव्हिलकुराज’ हा शब्द शिकता. दुसऱ्यासाठी उभं राहायची हिंमत, असा त्याचा अर्थ. म्युनिकचे पोलीस सांगतात, की मदत करा, पण स्वतःला धोक्यात घालू नका. आजूबाजूच्या लोकांना सोबत घ्या. ११० ला फोन करा. त्रास देणारा कसा दिसतो, ते लक्षात ठेवा. ज्याला त्रास झाला, त्याच्याजवळ थांबा. नंतर साक्ष द्या.

सावित्रीबाईंकडे ११० नंबर नव्हता. तुमच्याकडे आहे. घरी किंवा शाळेत त्रास होत असेल आणि कुणाशी बोलावं ते कळत नसेल, तर मुलांसाठी ११६ १११ हा फुकट नंबर आहे. मदत मागायची लाज वाटू देऊ नका.

शब्दार्थ
लुगडं – नऊवारी साडी
थोबाडीत देणे – गालावर चापट मारणे
तालीम – कुस्ती आणि व्यायाम शिकण्याची जागा
दांडपट्टा – लांब पात्याचं एक शस्त्र आणि ते चालवण्याची कला
माहेर – बाईच्या आईवडिलांचं घर
दिवस जाणे – पोटात बाळ असणे
आसरा – राहायला सुरक्षित जागा

प्रश्न
१. सावित्रीबाई सोबत जादा लुगडं का ठेवत?
२. नायगावच्या लोकांना त्यांनी कसं थांबवलं?
३. रस्त्यावर, घरात आणि गावात आलेल्या संकटांना तीन वेगळी उत्तरं दिली गेली. ती कोणती?
४. घरी विचारा : आई-बाबांना किंवा आजीला कधी कुणासाठी उभं राहावं लागलं का? त्यावर पाच वाक्यं लिहा.