विश्लेषण : वादळ शमल्यावरही हिमस्खलन का होते? जॉर्ज मॅलरी यांच्या आयुष्यातील एका दुपारचा धडा

एव्हरेस्टच्या शिखराजवळ बेपत्ता झालेले गिर्यारोहक म्हणून जॉर्ज मॅलरी जगाला ठाऊक आहेत. मात्र त्याआधी दोन वर्षे, त्याच पर्वतावरील एका उतारावर त्यांच्या चमूतील सात जण बर्फाखाली गेले. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी आणि पावसाळ्यात डोंगराखाली राहणाऱ्यांनीही ती घटना समजून घ्यावी अशी आहे.

मॅलरी कोण होते?

१८ जून १८८६ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यात, धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिक्षण घेऊन ते चार्टरहाऊस शाळेत शिक्षक झाले. १९१४ मध्ये रूथ टर्नर यांच्याशी विवाह झाला. त्यांना तीन मुले होती. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात लढले. १९२१, १९२२ आणि १९२४ अशा एव्हरेस्टच्या पहिल्या तिन्ही ब्रिटिश मोहिमांत ते होते.

७ जून १९२२ रोजी काय घडले?

शिखराचे दोन प्रयत्न फसले होते. मोसमी पावसाचे ढग हिमालयावर येऊ लागले होते आणि जोरदार हिमवृष्टी झाली होती. आकाश निवळताच तिसरा प्रयत्न ठरला. मॅलरी, सॉमरव्हेल, क्रॉफर्ड आणि १४ भारवाहक चार दोरांना बांधून नॉर्थ कोल या सुमारे सात हजार मीटर उंचीवरील खिंडीकडे निघाले. उतार पक्का आहे का, हे त्यांनी तपासले होते.

दुपारी दीडच्या सुमारास मोठा आवाज होऊन उतार सुटला. पुढचे दोन दोर बचावले. मागच्या दोन दोरांवरील नऊ जण बर्फाच्या कड्यावरून खालच्या भेगेत फेकले गेले. दोघांना जिवंत बाहेर काढता आले. थंके, सांगे, टेंबा, ल्हाक्पा, पासांग नामग्या, नोर्बू आणि पेमा हे सात जण गेले. मॅलरींनी पत्रांतून स्वतःला दोषी धरले.

उतार का सुटला?

जुन्या, घट्ट थरावर ताजा बर्फ पडला की दोन्ही थर लगेच एकजीव होत नाहीत. वारा हा बर्फ एका बाजूला साचवतो आणि त्याची जड लादी तयार होते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर ती कशीबशी तग धरून असते. माणसांच्या वजनानेही ती तुटते. म्हणून वादळात आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत धोका सर्वाधिक असतो. ऊन पडले म्हणजे उतार सुरक्षित झाला, असे नाही. बर्फाखाली गाडलेल्या माणसाच्या हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटे असतात.

पुढे काय झाले?

मॅलरी १९२४ मध्ये जहाजाने मुंबईत उतरून पुन्हा एव्हरेस्टकडे गेले. मे महिन्यात वादळाने चार भारवाहक नॉर्थ कोलवर अडकले. उतारावर ताजा बर्फ होता. तरीही नॉर्टन, सॉमरव्हेल आणि मॅलरी तो चढून गेले आणि चौघांनाही सुखरूप खाली आणले. त्यानंतर पंधरवड्याने, ८ जूनला, मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन शिखराकडे जाताना अखेरचे दिसले. १ मे १९९९ रोजी मॅलरींचा मृतदेह सापडला. कमरेवरील दोराच्या खुणा ते घसरून पडल्याचे सांगत होत्या. ते शिखरावर पोहोचले होते का, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

रायगडशी संबंध काय?

डोलवी, पेण, रोहा परिसरात बर्फ पडत नाही, पण उतारावर अचानक वाढणारे ओझे इथेही घात करते. मुरलेल्या पाण्याने माती जड होते आणि खडकावरची तिची पकड सुटते. महाडमधील तळिये (२०२१) आणि खालापूरमधील इर्शाळवाडी (२०२३) या दोन्ही दरडी जुलैच्या मुसळधार पावसात कोसळल्या. पाऊस उघडला तरी जमिनीत मुरलेले पाणी लगेच ओसरत नाही. त्यामुळे नव्या भेगा, वाकलेली झाडे किंवा अचानक गढूळ झालेला झरा दिसल्यास तातडीने घर सोडून प्रशासनाला कळवावे. हिमालयात जाणाऱ्यांनी ताज्या हिमवृष्टीनंतर हिमस्खलनाचा इशारा पाहावा आणि गरज पडल्यास ट्रेकचे दोन दिवस वाया जाऊ द्यावेत.